साडेपाचचं दूध, आठचा मोबाइल : चार वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. बालवाडी सुटली होती, मी आणि आमच्या मदतनीस ताई सतरंज्या झटकत होतो, तेवढ्यात फाटकाशी अ‍ॅक्टिव्हा थांबली. पुढे उभा मुलगा, मागे सासूबाई, मध्ये आई.

मुलाला इथे ओम म्हणते. खरं नाव वेगळं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. वय ४ वर्षं २ महिने, एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनियर केजीला. आईने पर्समधून शाळेची डायरी काढून पान उघडून दाखवलं. मजकूर इंग्रजीत होता, त्याचा मतलब असा: वर्गात एका जागी बसत नाही, लेखन अपुरं राहतं, डबा खात नाही, घरी सराव घ्यावा, गरज वाटल्यास शिकवणी लावावी. चार वर्षांच्या मुलाला शिकवणी! खाली शिक्का.

"ताई, हे सगळं मोबाइलमुळे झालंय," आई म्हणाली. "मी सातपर्यंत घरी नसते. तो आईंकडे असतो, आणि आई मोबाइल देऊन मोकळ्या होतात."

सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. त्या काही बोलल्या नाहीत, पदर तेवढा सारखा केला.

नाशिकच्या इंदिरानगर भागात मी १९ वर्षं बालवाडी चालवते. डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ नाही. वर्षाकाठी अशी पाच-सहा घरं तरी येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात मोबाइल होता, भरपूर होता, पण गुंत्याचं टोक तो नव्हता. आणि ते टोक सापडायच्या आधी मीही भलतीकडेच ओढून पाहिलं.

डबा

आईने आल्या आल्या ओमला एबीसीडी म्हणायला लावली. त्याने एका दमात म्हटली. मग १ ते ५० आकडे, रंगांची इंग्रजी नावं, ग्रहसुद्धा. मी विचारलं, "आज कोणाबरोबर आलास रे?" तो माझ्या चष्म्याकडे बघत म्हणाला, "चलो दोस्तों, आज हम सीखेंगे." आई ओशाळली.

शनिवारची शाळा करून ते सरळ इकडे आले होते. दप्तरात डबा भरलेला तसाच. मी तो ओमच्या हातात दिला, म्हटलं चल, खाऊ खाऊ. त्याने दोन्ही हातांनी डबा माझ्यापुढे धरला आणि उभा राहिला. मी हात पुढे केला नाही. चार बाजूंना चार खटके असलेला डबा होता, मोठ्या माणसालाही अंगठ्याचा जोर लावावा लागेल असा. त्याने एका खटक्यावर तर्जनी ठेवली आणि ती डावीकडे सरकवली. मग उजवीकडे. व्हिडिओ बदलताना सरकवतात तशी. झाकण हललं नाही. त्याने डबा खाली ठेवला आणि सतरंजीवर आडवा झाला.

'डबा खात नाही' या वाक्याचा उलगडा तिथेच झाला. जूनपासून हे मूल शाळेत उपाशी बसत होतं, कारण झाकण उघडता येत नव्हतं आणि 'उघडून द्या' म्हणताही येत नव्हतं. पोटात काही नसलेलं मूल एका जागी बसेल तरी कसं?

मूल शाळेसाठी तयार झालं का, असं पालक विचारतात तेव्हा मी अक्षरांबद्दल बोलतच नाही. डबा आपला आपण उघडतो का? शू लागली हे परक्या बाईंना सांगू शकतो का? घसरगुंडीवर आपला नंबर येईपर्यंत थांबतो का? 'चप्पल काढ आणि पाणी पिऊन ये' अशी दोन कामं एकदम सांगितली तर दुसरं लक्षात राहतं का? पाच मिनिटांची गोष्ट ऐकून 'मग?' म्हणतो का? ग्रहांची नावं यानंतर. ओमला यातलं काहीच जमत नव्हतं. जमत होतं ते इतकंच की आई निघून गेली तरी तो रडत नसे, आणि तेही मला फारसं आवडलं नाही.

काही गोष्टी मी मुद्दाम बघितल्या. अंगणात मांजर आलं तेव्हा त्याने बोट दाखवलं आणि मी बघतेय ना, हे वळून पाहिलं. लाकडी ठोकळा कानाला लावून "हां, बोलो" म्हणाला. तिसऱ्या हाकेला का होईना, वळला. बोट दाखवणं, आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दाखवणं, खोटं खोटं खेळणं हे जर दिसलं नसतं, किंवा आधी येणारे शब्द गेले असते, तर मी एक दिवसही न थांबता बालविकासतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. ओमच्या बाबतीत तेवढी घाई नव्हती. पण कान तपासून घ्यायला सांगितलं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला बहुतेक कळायला हवं. कळत नसेल तर आधी कान, मग बाकीचं. तपासणीत ऐकू नीट येत होतं, मळ तेवढा निघाला.

माझा छापील सल्ला

त्या दिवशी निरोप देताना मी म्हणाले, "सोमवारपासून मोबाइल एकदम बंद. दोन-तीन दिवस रडेल, मग विसरेल." शनिवार होता, मलाही घरी जायचं होतं.

सोमवारी ओम दुपारी जेवला नाही, रात्रीही नाही. मंगळवारी आईने बळेबळे भरवलं तर सगळं उलटलं. बुधवारी दुपारी आजींनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, फोन लावून दिला आणि अर्धी पोळी चारली. सूनबाई नेमक्या त्या दिवशी लवकर घरी आल्या आणि जिन्यातच त्यांना गाण्याचा आवाज आला. रात्रीचं भांडण मला दोघींकडून दोन तऱ्हांनी ऐकायला मिळालं. आजींचं एक वाक्य अजून कानात आहे. "बाई, नातू उपाशी निजला त्याचं पाप कोणाला? तुम्हाला का मला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, एका संध्याकाळी घरी येऊन नुसती बसते.

पाथर्डी फाटा, दुसरा मजला

लिफ्ट नाही. बाबा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर, गेले आठ महिने सेकंड शिफ्ट. कंपनीची बस दुपारी सव्वाला फाट्यावरून निघते. ओमची शाळेची व्हॅन दीडला येते. पंधरा मिनिटांची चुकामूक. बाबा परत येतात रात्री साडेअकराला, झोपतात एकला, आणि सकाळी नऊला ओम व्हॅनमध्ये चढतो तेव्हा ते गाढ झोपेत असतात. आई कॅनडा कॉर्नरजवळ करसल्लागाराच्या ऑफिसात, दहा ते साडेसहा.

आजी सटाणा तालुक्यातल्या. आजोबा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी इथे आल्या. एकसष्ट वय, दोन्ही गुडघे गेलेले, जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय. व्हॅनमधून उतरलेल्या ओमला वॉचमनकाका वर आणून सोडतात आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूल खाली जात नाही. या वयाच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास तरी अंग हलवावं, त्यातला तासभर दम लागेपर्यंत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन सांगतं. ओमची दौड सोफ्यावरून दिवाणापर्यंत.

आठ वाजता ताट वाढलं. वरणभात, वर तूप. आईने फोन तांब्याला टेकवून उभा केला. घास आला की ओमचं तोंड उघडे, नजर हलत नसे. मध्ये जाहिरात लागली तर डाव्या हाताने त्याने ती पाच सेकंदांनी बरोबर घालवली, आ तसाच. मग नेट अडकलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. आईचा हात हवेत थांबला, ओमचं तोंड मिटलं, आधीचा घास गालात फुगलेला. गाणं सुरू झालं, तोंड उघडलं. ४२ मिनिटांत एकदाही त्याने ताटाकडे पाहिलं नाही. ताटात वरणाऐवजी पेपर कालवून दिला असता तरी चाललं असतं, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच माझी मुलगी आठवली. मोबाइल नव्हते तेव्हा ती साडेसातच्या मालिकेवर जेवायची, आणि भरवणारी मी बालवाडीची बाई.

दोन गोष्टी टिपल्या. फोन आईचा होता आणि भरवतही आईच होती, तक्रार मात्र आजींवर. दुसरं म्हणजे या मुलाला भूकच नव्हती. जिला भूक म्हणतात ती त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. भूक नसलेल्या पोटात जेवण घालायचं तर लक्ष दुसरीकडे लावावंच लागतं, पूर्वी त्यासाठी कावळा-चिमणी होते.

कॅलेंडरचं मागचं पान

मोबाइलबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फाडून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सकाळी सात ते रात्री एक असे तास आखले. सात दिवस फक्त लिहायचं: ओम काय करत होता, पोटात काय गेलं, जवळ कोण होतं, आणि स्क्रीन चालू असेल तर त्या वेळी ती कोणाचं काम करत होती. शेवटचा रकाना मला हवा होता. आजींना लिहिणं त्रासाचं, म्हणून त्यांनी रेघा मारायच्या. दहा मिनिटांना एक रेघ.

आधी अंदाज विचारला होता. आई म्हणाली दीड तास, बाबा म्हणाले तासभर. नोंद निघाली साध्या दिवसाला ३ तास २० मिनिटांची. सकाळी दात घासताना-कपडे घालताना २५ मिनिटं, दुपारच्या जेवणाला ४०, संध्याकाळी साडेपाचला टीव्ही तासभर, रात्रीच्या जेवणाला ४५ आणि साडेअकरानंतर बाबांच्या मांडीवर ३०. रविवारी साडेचार तास. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर चांगलंच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते, आणि तोही तास मोठ्या माणसासोबत.

आजींनी बोटांवर बेरीज केली. दुपारचे चाळीस, संध्याकाळचा तास, शंभर मिनिटं त्यांची. उरलेली शंभर मुलाची आणि सुनेची. त्या काही बोलल्या नाहीत, पान फक्त सुनेच्या बाजूला सरकवलं. त्यानंतर त्या घरात 'आई मोबाइल देतात' हे वाक्य मी ऐकलं नाही.

शेवटचा रकाना असा भरला होता. सकाळी फोन आईची घाई निभावत होता. जेवणाला उपाशी राहण्याची भीती. साडेपाचला आजी गुडघे शेकत, तेव्हा त्यांना तासभर पडायला मिळे. आणि रात्रीच्या अर्ध्या तासासमोर बाबांनी स्वतःच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता: भेट.

पोटाच्या रकान्याने बाकीचं सांगितलं. शाळेतून आल्यावर दोनला फोनवर जेवण. साडेतीनला झोप, साडेपाचपर्यंत. उठला की ३०० मिलीचा पेला भरून चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि पाच बिस्किटं, कारण शाळेतला डबा परत येतो, 'पोरगं उपाशी आहे'. मग आठला भूक कुठून असणार? फोन लावून भरवायचं. दोन तास झोप झालेली, जेवणात झगझगीत पडदा, त्यामुळे दहाला डोळे टक्क. तशात साडेअकराला बाबा येणार हे त्याला पक्कं माहीत. त्यांची वाट बघत जागणं हे त्याच्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं, खरं तर. सव्वाबाराला दुधाची बाटली तोंडात घेऊन झोप. सकाळी आठला ओढून उठवायचं, रडारड, म्हणून दात घासायला फोन. रात्रीची झोप पावणेआठ तास, दुपारची दोन, मिळून पावणेदहा. या वयाला दुपार धरून १० ते १३ तास लागतात.

दुधाची बेरीज दिवसाला सातशे मिली. सकाळचे दोनशे, संध्याकाळचे तीनशे, रात्रीचे दोनशे. साधारण अर्धा लिटर या वयाला पुरतं. त्याच्यावर गेलं की जेवण मागे पडतं आणि अंगात लोह कमी पडायला लागतं, कारण दुधात लोह जवळजवळ नसतंच. मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४ आलं. या वयाला ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती, म्हणजे ओम काही वेगळा नव्हता. पण चिडचिड, भूक मरणं, लक्ष न टिकणं ही त्याचीही लक्षणं आहेत, आणि आपण सगळे ती मोबाइलच्या खात्यावर टाकून बसलो होतो. डॉक्टरांनी जंतांचं औषध आणि लोहाचं सिरप दिलं. सिरप दुधासोबत नको, लिंबू-आवळ्यासोबत चालेल, शी काळी होईल तर घाबरू नका, हेही सांगितलं.

आणखी एक गोष्ट नोंदीत नव्हती, मला उशिरा उमगली. दुपारभर घरात आजी आणि नातू दोघंच, पण बोलणं जवळजवळ नाही. का? तर आजींची भाषा अहिराणी. शाळेत नाव घातलं तेव्हा आईने सांगितलं होतं, "आई, त्याच्याशी अहिराणी नको, शाळेत हसतील." आजींना शुद्ध मराठी बोलायचा संकोच, इंग्रजी येत नाही. मग त्या गप्पच झाल्या. दिवसातले चार तास त्या मुलाशी बोलणारं घरात फक्त फोनच होतं. तो 'चलो दोस्तों' म्हणणार नाही तर काय म्हणेल?

काय हलवलं

मोबाइलला हात लावला नाही. आधी दूध. साडेपाचचा पेला बंद, रात्रीची बाटली बंद. सकाळी दोनशे आणि जेवणानंतर पेल्यातून दोनशे. बाटलीसाठी दोन रात्री रडला, मोबाइलच्या मानाने काहीच नाही. दुपारची झोप चारला मोडायची. हे आजींना जड गेलं, झोपलेल्या मुलाला उठवू नये असं त्या म्हणत, आणि पहिले आठ-दहा दिवस त्यांनी ते पाळलंही नाही. शाळेचा डबा बदलला: साधा फिरकीच्या झाकणाचा, आणि आठवडाभर घरी रोज त्यातच खाऊ, उघडलं तर मिळेल. वर्गशिक्षिकेला आई भेटून आली. तरुण मुलगी, वर्गात तिशीपार मुलं. ती म्हणाली, झाकणाचं माझ्या लक्षातच आलं नाही. मला तिचा राग आला नाही.

साडेपाचला दुधाच्या जागी काय, हा प्रश्न होता. डिसेंबर होता, बाजारात मटार आला होता. आजी सोफ्यावर पाय लांब करून गुडघ्यांना पिशवी लावून बसत, मांडीत सूप, ओम समोर. शेंगेचं टोक मोडायचं, शिवणीवर अंगठा दाबायचा, फट्‌कन उघडली की दाणे बोटाने ओढायचे. पहिल्या दिवशी त्याने शेंगेवर बोट सरकवलं, डब्यावर सरकवलं होतं तसंच. आजी म्हणाल्या, "आठे दाब, आठे." आठे म्हणजे इथे. अहिराणी तोंडून निघून गेली आणि त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजी, बोला हो, तुमच्याच भाषेत बोला. मूल घरी ऐकतं त्या भाषेतच आधी पक्कं होतं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मातृभाषेचाच आग्रह आहे. सूनबाईंना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, पण त्या गप्प राहिल्या. त्या संध्याकाळी ओमने चार शेंगा सोलल्या आणि चारही खाल्ल्या.

मग मेथी आली, हरभऱ्याचे घाटे आले. घाटे सोलताना आजींनी बिबट्याची गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी उसात बिबट्या आला होता आणि पणजोबांनी, म्हणजे आजींच्या वडिलांनी, पत्र्याचा डबा वाजवत रात्र काढली होती. ओमला ती रोज हवी. तिसऱ्या दिवसापासून डबा वाजवायचं काम त्याच्याकडे. खालच्या बिऱ्हाडातून तक्रार आली तेव्हा मला बरं वाटलं.

पहिल्या मजल्यावर सातवीतली एक मुलगी आहे. ती संध्याकाळी पार्किंगमध्ये सायकल खेळते. पाच वाजता तिने ओमला हाताला धरून खाली न्यायचं, आजींनी गॅलरीतून लक्ष ठेवायचं, असं ठरलं. त्या बदल्यात तिच्या आईला आठवड्यातून एकदा आजींच्या हातचं वांग्याचं भरीत. हा करार अजून चालू आहे.

बाबांचं सगळ्यात अवघड. "मी एकला झोपतो मॅडम, आठला कसा उठू?" बरोबर होतं त्यांचं. पण रात्रीची भेट सकाळी सरकल्याशिवाय मूल दहाला झोपणार नव्हतं. तीन आठवडे हे होईना. मग एका सोमवारी ते उठले, ओमला अंघोळ घातली, व्हॅन थांबवून स्वतः गाडीवर शाळेत सोडलं आणि परत येऊन साडेअकरापर्यंत झोपले. चार दिवस सलग. पाचव्या रात्री ओम बाबांसाठी थांबला नाही, सव्वादहालाच झोपला. साडेअकराला घरी आल्यावर कोणी धावत आलं नाही, याचं बाबांना वाईट वाटलं, असं त्यांनी मला सांगितलं. सकाळी दात घासायचा फोन आपोआप गेला, बाबांबरोबर फेसाच्या मिशा होत होत्या.

जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, जेवणाचा फोन काढला. तोवर आठला त्याला भूक लागत होती. नियम दोनच सांगितले: काय वाढायचं आणि केव्हा, ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते ओमने. अर्धी पोळी, चमचाभर भाजी, स्वतःच्या हाताने, वीस मिनिटांनी ताट उचलायचं, बोलणी नाहीत. पहिल्या रात्री त्याने पोळीचे तुकडे करून वरणात पोहायला सोडले. दुसऱ्या रात्री तीन घास खाल्ले. आजींचा जीव वरखाली होत होता, पण यावेळी त्यांनी दार लोटलं नाही. आठ दिवसांनी त्याने "अजून" म्हटलं. रविवारी सकाळी बाबा त्याला पांडवलेणीच्या पायऱ्या चढवायला न्यायला लागले, त्या दिवशी तो ताटावरच पेंगायचा.

लेखनाचं काय?

आईचा प्रश्न शेवटपर्यंत हाच. मी तिला वय मोजून दाखवलं. महाराष्ट्रात २०२० पासून प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर धरतात. पहिलीत जाणारं मूल त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहाचं असावं, आणि खालचे वर्ग त्या हिशेबाने. ओमचा जन्म सप्टेंबरचा. वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलंही आहेत, त्याच्याहून आठ महिन्यांनी मोठी. चौथ्या वर्षी आठ महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. त्यात मनगटातली लहान हाडं या वयाला अजून पुरती तयार झालेली नसतात. दोन ओळींत अक्षर बसवायला लावलं की हात दुखतो आणि मूल उठून पळतं. डायरीत मग 'बसत नाही' असं येतं.

शिकवणीऐवजी रांगोळी. दारात आजी रोज चार ठिपके काढत. त्या खाली बसू शकत नाहीत, पाटावर बसून वाकतात. ओमला त्यांनी चिमूट शिकवली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, रांगोळी सोडायची पण सांडायची नाही. पेन्सिल धरायची पकड हीच. खडूचे मुद्दाम बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दिले, त्यांना मुठीत धरताच येत नाही. यात माझं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हापासून आपल्याकडच्या बालवाड्या शंख-शिंपले, बिया, पानं-फुलं यांवरच चालत आल्या आहेत. मधल्या काळात आपण ते छापील वर्कशीटला विकलं, इतकंच.

मार्चअखेर पुन्हा सात दिवसांची नोंद घेतली. साध्या दिवसाला ३५ मिनिटं, संध्याकाळी सातला, आई कुकर लावते तेव्हा. ते तसंच राहू द्या, असं मी म्हटलं, त्या वेळी घरात दुसरं कोणी मोकळं नसतं. रविवारी अजून दोन तास होतात. हिमोग्लोबिन ११.२. झोप रात्री साडेनऊ ते साडेसात, दुपारी तासभर. सटाण्याला एका लग्नात चार दिवस गेले आणि परत आल्यावर आठवडाभर सगळं विस्कटलं होतं, जेवताना पुन्हा फोन मागत होता.

अक्षर अजून वाकडंच आहे. सीनियर केजीत मात्र त्याला घेतलं. परीक्षेच्या कागदावर त्याने 'सी फॉर कॅट'च्या जागी बिबट्या काढला, सहा पायांचा. आणि वर्गातल्या बाईंना तो "आठे या" म्हणतो, अशी नवी नोंद डायरीत आली. आईने मला त्याचा फोटो पाठवला, खाली हसण्याच्या तीन खुणा. नोव्हेंबरात ती यावर रडली असती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. "मॅडम, शाळा उघडतेय आणि त्याच दिवसापासून मला नाइट लागतेय. सकाळी साडेसातला येईन, ओमला सोडून मग झोपेन. पण दुपारी तो घरात आणि मी झोपलेला. आई म्हणतात, त्याला डबा वाजवू नको कसं सांगायचं?"

मी काही म्हणायच्या आत मागून आजींचा आवाज आला, "त्यास्नी विचार, मेचं पान फाडू का?"